घाटी कुठं वाजवायची?

देवाशी माझं काही घेणंदेणं नाही. आमच्या घरातला देव्हारा आजोबांनी छप्पन साली उतरवला, तो पुन्हा चढला नाही. तरीही गेली तीन वर्षं दर रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला मी भुजंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये खुर्चीवर बसून बायबल वाचतो. यावर गाव हसतं. माझी बायको सत्यशीला गावापेक्षा जास्त हसते.

झालं असं, की आमच्या गावात सात-आठ घरं प्रार्थनेला जाणारी. त्यांचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, जिंतूरहून महिन्यातून एकदाच येतात. उरलेल्या रविवारी भुजंग वाचायचा. तो सातवी नापास. अवघड शब्द आला की गाळायचा, पुढचा आला की मागच्याला चिकटवायचा, आणि श्वास संपेल तिथे वाक्य संपवायचा. एका रविवारी मी शेडवरून जात होतो. त्याचं ते वाचन कानावर पडलं आणि मला राहवलं नाही. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलेला माणूस मी. रस्त्यावरूनच ओरडलो, "अरे, माणूस मेला का जिवंत आहे ते तरी कळू दे!"

भुजंग पुस्तक घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "मंग तुमीच वाचा की गुरुजी."

मी अटी घातल्या. हात जोडणार नाही, डोळे मिटणार नाही, आणि माझा उद्धार करायला कुणी धडपडायचं नाही. पहिल्या दोन अटी सगळ्यांनी मानल्या. तिसरी धुरपताबाई पाळत नाही. ती मनातल्या मनात माझ्यासाठी प्रार्थना करते आणि वर मला तसं सांगतेही. सत्तरीच्या बाईला काय बोलणार?

त्या शेडमध्ये एक रीत आहे, आणि तिच्यासाठी मी या लोकांना मनापासून मानतो. गोष्ट वाचून झाली की पुस्तक बंद करायचं. मग एकाने उठून ती सगळी गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. बाकीचे कान देऊन बसतात. सांगणाऱ्याने पदरचं काही घातलं की कुणीतरी म्हणतं, "हे आलं न्हवतं." काही गाळलं की म्हणतं, "हे राह्यलं." बहुतेकांना अक्षरओळख नाही, म्हणून पाळकांनी ही रीत घालून दिली. मी एकतीस वर्षं धड्याखालचे प्रश्न सोडवून घेत बसलो आणि मला हे कधी सुचलं नाही, याचं वाईट वाटतं.

आता रामकिशनचं सांगतो. रामकिशनची मेंढरं. प्रार्थनेला येणारा, पन्नाशीचा, सरळ, कष्टाळू माणूस. एकदा डोक्यात काही बसलं की मात्र निघत नाही. गेल्या वर्षी मेंढरांत रोग शिरला. रोज सकाळी मेंढरांच्या वाड्यातून दोन-तीन मेलेली ओढून बाहेर काढावी लागत. डॉक्टर येऊन गेले, औषधं झाली, तरी मरायची थांबेनात. तेव्हा एके दिवशी वाड्यातच गुडघे टेकून रामकिशन बोलून गेला, की प्रभू, उरलेली जितराबं वाचव, माझी पोरगी तुझ्या सेवेला देईन. मेंढरं जगली.

हा नवसच होता. देऊळ बदललं, देव बदलला, पण रामकिशनचं देवाशी बोलणं तेच राहिलं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत, की वालूरच्या बाजारात तो मला भेटला आणि म्हणाला, "गुरुजी, नवस बोलला आन् फेडला, अशी कुणाची गोष्ट हाय का हो पुस्तकात?"

मला कुणी काही विचारलं की मी फुगतो, हा माझा जुना दोष. का विचारतोस, असं मी विचारलंच नाही. रविवारी अडखळायला नको म्हणून मी ते पुस्तक आधीच एकदा सगळं वाचून काढलेलं. लगेच सांगायला लागलो. इफ्ताह नावाचा एक लढवय्या होता. लढाईला निघताना त्याने देवाला शब्द दिला, की जिंकून आलो तर माझ्या घराच्या दारातून जे पहिलं मला सामोरं येईल त्याचा होम करीन. तो जिंकला. घरी आला, तर दारातून त्याची एकुलती एक लेक बाहेर आली. त्याने अंगावरचे कपडे फाडले आणि म्हणाला, मी शब्द दिलाय, आता मागे फिरता येत नाही.

एवढं सांगतोय तोवर जीपवाल्याने हॉर्न वाजवला. रामकिशन पळत जाऊन जीपमध्ये चढला. "पुढचं ऐक की!" मी ओरडलो. त्याने नुसता हात हलवला.

तीन दिवसांनी, गुरुवारी, त्याची लेक दिपाली माझ्या दारात उभी. पाचवी ते सातवी माझ्याच वर्गात होती. अक्षर मोत्यासारखं, आणि उत्तर माहीत असलं तरी हात वर न करणारी. त्या दिवशी मात्र तिने चप्पलही काढली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "सर, तुमी बाबाला काय सांगितलं?"

तिच्याकडून मला सगळं कळलं. परभणीला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. कागदपत्रं द्यायची शेवटची तारीख सोमवार. आणि त्याच सोमवारी कुठल्याशा ख्रिस्ती आश्रमातली एक बाई तिला न्यायला येणार होती. रेल्वेने दोन दिवस लागतात इतका तो आश्रम लांब. तिथे बायका लग्न न करता आयुष्यभर सेवा करतात. गेले सहा महिने रामकिशन ठरवत होता आणि मोडत होता. बाजारातून आला तो मात्र ठाम होऊनच. पुस्तकात गोष्ट आहे, गुरुजींनी वाचलीय, असं त्याने घरात सांगितलं.

"तिथल्या बायका चांगल्या असतील सर," दिपाली म्हणाली. "ज्यांना जावं वाटतं त्यांनी जावं. मला न्हाई जायचं. मला नर्स व्हायचंय. मेंढरं जगली म्हणून मी का जायचं?"

शिकवलेलं विसरणारी पोरं मी आयुष्यभर पाहिली. शिकवलेलं अर्धंच धरून ठेवणारा माणूस त्याहून वाईट, आणि ते अर्धं मीच त्याच्या हातात दिलं होतं.

तसाच उठून रामकिशनकडे गेलो. तो वाड्यात मेंढरांचे पाय तपासत होता. मी त्याला म्हणालो, "मी तुला अर्धीच गोष्ट सांगितली. ती तसं करा म्हणून सांगितलेली गोष्ट नाही. पेपरात चोरीची बातमी आली म्हणजे पेपरवाला चोऱ्या करा म्हणतो का?"

रामकिशनने मेंढरू सोडलं. म्हणाला, "गुरुजी, तुमी देव मानत न्हाईत. नवस फेडला न्हाई तर काय व्हतं ते तुमाला काय ठावं? मी सोता नवसाचा हाय. माज्यासाठी आईबापानं आक्काला खंडोबाला दिली. त्यानी फेडला म्हणून मी हाय. मी फेडला न्हाई आन् उद्या पोरीलाच काय झालं तर?"

तो काही पोरीचा वैरी नव्हता. घाबरलेला होता. घाबरलेल्या माणसाला व्याकरण सांगून काय उपयोग?

"तुमी रविवारी समद्यांम्होरं वाचा," तो म्हणाला. "सगळी वाचा. पुस्तकात जे आसल ते हुईल."

त्याची आक्का म्हणजे म्हाळसाबाई. त्याच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी. लहानपणीच तिचं देवाशी लग्न लावून तिला मुरळी केलेलं. त्यानंतरची तीसेक वर्षं तिने जागरणं केली. रात्ररात्र उभं राहून देवाची गोष्ट गायची, नाचायचं, हातातली घाटी वाजवायची. घाटी म्हणजे मुरळीच्या हातातली छोटी घंटा. गुडघे गेले तेव्हा रामकिशनने तिला घरी आणलं आणि चांगलं सांभाळलं. घरातले प्रार्थनेला येऊ लागले तशी तीही येऊ लागली. खांबाला टेकून बसायची. गोष्ट सांगायची पाळी तिने तीन वर्षांत एकदाही घेतली नव्हती. कुणी आग्रहही केला नाही. काहींना वाटायचं, हिला काय समजणार.

रविवारी शेड भरलं होतं. बातमी सगळ्यांपर्यंत गेलेली. दिपाली बायकांच्या मागे बसली होती, मांडीवर कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी घेऊन. पिशवी तिने का आणली होती, तिलाच माहीत.

मी वाचलं. या वेळी एक अक्षर सोडलं नाही. इफ्ताहला भावांनी घरातून हाकललं ते वाचलं. अडचण आल्यावर गावातली मोठी माणसं त्याच्याच पाया पडत गेली ते वाचलं. देवाचा आत्मा त्याच्यावर आला, मग त्याने नवस बोलला, मग जय मिळाला. लेक डफ वाजवत, नाचत बाहेर आली. बाप तिला म्हणाला, तू मला मातीत घातलंस. ती म्हणाली, शब्द दिलाय तर तसं करा, फक्त मला दोन महिने मैत्रिणींबरोबर डोंगरात जाऊ द्या, मला रडायचंय. ती गेली, परत आली, आणि त्याने बोलल्याप्रमाणे केलं. पुढे तिथल्या पोरी दर वर्षी चार दिवस तिच्यासाठी जात राहिल्या. मी पुस्तक मिटलं.

गोष्ट सांगायला रामकिशन उठला. त्याने चांगली सांगितली, खोटं कशाला बोलू. बापाचं रडणं तर त्याने हुबेहूब सांगितलं. मग तो म्हणाला, "पोरीला दिलं तवा प्रभू त्याच्यावर लय खूश झाला, आन् त्याचं समदं चांगलं झालं."

"हे आलं न्हवतं," धुरपताबाई म्हणाली.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तक उघडून बघितलं. "खूश झाला असं लिहिलेलं नाही," मी म्हणालो. "चांगलं झालं असंही नाही."

"पर जय दिला का न्हाई?" रामकिशनने विचारलं. "नवस बोलल्यावरच दिला का न्हाई?"

"दिला," मी म्हणालो. लिहिलेलं मी नाकारू शकत नव्हतो. मग मी माझं म्हणणं मांडलं. गोष्टीतल्या माणसाने केलं म्हणून ते बरोबर होत नाही. गोष्ट सांगणारा दर वेळी मध्ये थांबून हे चूक, हे बरोबर असं सांगत बसत नाही. ते ऐकणाऱ्याने ओळखायचं असतं. माझं बोलणं मलाच वर्गातल्यासारखं वाटलं. भुजंगने डोकं खाजवलं. "तुमचं खरं आसल गुरुजी," तो म्हणाला, "पर हा इफ्ताह तर देवाचाच माणूस. देवाच्या माणसाला देवानं अडवलं न्हाई, म्हणजे त्याला ते पटलंच म्हणायचं की."

चार-पाच माना हलल्या. रामकिशनचा चेहरा सैल झाला. दिपालीने पिशवी हातांनी घट्ट धरली. मला कळलं, की मी हरलो.

"मी सांगू का गोष्ट?"

आवाज खांबाजवळून आला. म्हाळसाबाई उठायचं म्हणून गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. धुरपताबाईने तिला धरून उभं केलं.

तिने सांगायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांत शेड गप्प झालं. रात्ररात्र गोष्टी सांगितलेली बाई ती. एकदाच ऐकलेलं, पण भावांनी हाकललं तिथपासून एक गोष्ट सुटली नाही, एक शब्द पदरचा आला नाही. देवाचा आत्मा इफ्ताहवर आला असं म्हणाली तेव्हा तिने रिकामा उजवा हात वर करून हलवला. लढाई देवाने जिंकून दिली तेव्हा पुन्हा हलवला. मग लेक दारात आली. बाप रडला. लेक बोलली. डोंगरात गेली. परत आली. बापाने केलं. हात खालीच राहिला.

ती थांबली आणि मला म्हणाली, "गुरुजी, आमच्या फडात रीत व्हती. गोष्टीत देव आला, देव बोलला, की मुरळीनं घाटी वाजवायची. माणसं बोलायलीत तवर हात खाली. आता सांगा, पोरगी दारात आल्यावर मी घाटी कुठं वाजवायची?"

मी पुन्हा पुस्तक उघडलं. ती ओळ, तिच्या पुढची, प्रकरण संपेपर्यंत. हे पान मी गुरुवारपासून रोज वाचत होतो, आणि हे माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं. माणसांचं रडणं आहे, बोलणं आहे. देवाचा एक शब्द नाही.

"कुठंच नाही," मी म्हणालो.

"गप बसला म्हणजे पटलं आसल की आक्का," रामकिशन म्हणाला.

"देव गप बसला की आमी बी गप बसायचो. आपल्या मनानं वाजवली तर म्होरक्या हातावर फटका द्यायचा." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "आन् गुरुजी, आजून एक. देवाचं वारं त्याच्यावर आलं ते आदी का नवस आदी?"

"आत्मा आधी," मी म्हणालो. "नवस नंतर."

"मंग देव तर आदीच आला व्हता," ती म्हणाली. "नवस कुणी मागितला व्हता?"

रामकिशन उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला. राग नव्हता तो, त्याच्या पायाखालची जमीन सरकायला लागली होती. "आसं कसं आक्का? मंग माजं काय? आईबापानं नवस बोलला, तुला देवाला दिली, म्हणून मी झालो. समदं गाव सांगतंय. त्यो नवस खोटा का?"

म्हाळसाबाईने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"नवस बोलायला गेलो तवा मी बी संगं व्हते," ती म्हणाली. "आठ वर्सांची. आईला अंगूळ करायला मीच पाणी काढून द्यायची. पोट दिसायचं मला. चार म्हैन्याचा व्हतास तू तवा पोटात. आईनं कुणाला सांगितलं न्हवतं. आदीची दोन गेली व्हती, दिष्ट लागल म्हणून भ्यायची. बाप नवस बोलला आन् ती गप राह्यली."

"तू कदी बोलली न्हाईस."

"कशाला बोलू? तुला वझं झालं आसतं. नवसाचा म्हणून समदे तुला जपायचे. मला बी वाटायचं, जाऊ दे, कामाला आलं कुणाच्या तरी." ती थांबली. "मी नवं लुगडं मिळालं म्हणून नाचत गेले व्हते रे. त्या पोरीवानीच. मला तरी काय ठावं."

मी वाचनात कधी अडखळत नाही, पण त्या वेळी मला कुणी एक ओळ वाचायला सांगितली असती तर जमली नसती. मला लाज वाटत होती. तीन वर्षं ही बाई माझ्यासमोर बसत होती, आणि तिला काय समजणार असं वाटणाऱ्यांत मीही होतो.

रामकिशनने विचारलं, "मंग आक्का, तुला उगंच दिलं?"

"उगंच," ती म्हणाली.

तो मागे वळला. बायकांच्या रांगेतून वाट काढत दिपालीपर्यंत गेला आणि तिच्यापुढे बसला. "उद्या सकाळच्या गाडीनं परभणीला जायचं," तो म्हणाला. "समदे कागद हायत का बघ. त्या बाईला मी फोन करतो."

दिपालीने नुसती मान हलवली. ती रडत होती, आणि पिशवी अजून सोडत नव्हती.

मग तो बहिणीकडे आला. हात जोडावेत तर ते प्रार्थनेतले, पाया पडावं तर ती रीत सोडलेली. तसाच अवघडून उभा राहिला, पन्नास वर्षांचा माणूस, तोंड वेडंवाकडं करून.

म्हाळसाबाईने त्याचं मनगट धरलं आणि त्याला आपल्याशेजारी ओढलं.

"बस खाली," ती म्हणाली. "तुजा काय दोष? तू तर पोटात व्हतास."